कार्ड आहे, पण यादीत नाव आहे का? लोकसभेच्या मतदानात या चुका टाळा

मतदान कार्ड पेटीत जपून ठेवलं म्हणजे मत शाबूत, ही सगळ्यात महागात पडणारी समजूत. कार्ड फक्त ओळख पटवतं. मत देता येतं ते यादीत नाव असेल तरच. गावोगावी सुनांची नावं माहेरच्याच यादीत राहतात, आणि पुण्याला कामाला गेलेल्या पोराचं नाव वगळलं गेल्याचं घरच्यांना बूथवरच कळतं. म्हणून बीएलओकडे (तुमच्या बूथची यादी सांभाळणारा कर्मचारी) यादी आधीच बघा, नाहीतर 1950 या हेल्पलाइनवर विचारा. नवीन नावासाठी नमुना 6, पत्ता बदलायला किंवा दुरुस्तीला नमुना 8. उमेदवारी अर्जांची मुदत संपली की यादीत नाव चढत नाही, त्यामुळे मतदानाच्या आठवड्यात केलेली धावपळ वाया जाते.

जिल्हा आणि मतदारसंघ एकच धरू नका. वणी आणि आर्णी यवतमाळ जिल्ह्यात, पण लोकसभेला चंद्रपुरात. 2024 ला चंद्रपूरचं मतदान 19 एप्रिलला झालं, यवतमाळ-वाशिमचं 26 ला. जिल्ह्याच्या नावावरून तारीख धरली असती, तर वणीकरांचं मत गेलंच असतं. मोर्शी आणि धामणगाव रेल्वे अमरावती जिल्ह्यात, मत मात्र वर्ध्याच्या खासदारासाठी.

घरपोच आलेली मतदार चिठ्ठी ओळखपत्र म्हणून चालत नाही. मतदान कार्ड नसेल तर आधार, रोजगार हमीचं जॉब कार्ड किंवा फोटो असलेलं बँकेचं पासबुक न्या.

एप्रिलच्या उन्हात दुपारी म्हाताऱ्यांना उभं करू नका, सकाळी 7 लाच न्या. उशीर झालाच तर रांग सोडू नका. वेळ संपताना रांगेत असलेल्या प्रत्येकाला मत देता येतं, चिठ्ठ्या रांगेच्या शेवटच्या माणसापासून वाटत येतात.

निळं बटण दाबून लगेच वळणारे खूप. लाल दिवा लागतो, मग व्हीव्हीपॅटच्या (मताची चिठ्ठी छापणारं शेजारचं यंत्र) काचेत चिठ्ठी 7 सेकंद दिसते. नाव आणि चिन्ह वाचा, बीप ऐका, मगच हला. चिठ्ठी चुकीची वाटली तर तिथल्या तिथे केंद्राध्यक्षांना सांगा. लेखी निवेदन घेऊन ते चाचणी मत टाकायला लावतात. खोटी तक्रार मात्र गुन्हा ठरते.

तुमच्या नावावर आधीच कोणी मत टाकलं असेल, तर भांडून घरी परतू नका. टेंडर मत मागा, तो तुमचा हक्क आहे. ओळख पटली की छापील मतपत्रिका मिळते आणि ती वेगळ्या पाकिटात ठेवतात. मोजणीत ती धरत नाहीत, पण निकाल कोर्टात गेला तर तेच पाकीट उघडलं जाऊ शकतं.