माळ्यावरचं पितळी पातेलं पुन्हा चुलीवर आणताना

आजीच्या वेळचं पितळी पातेलं माळ्यावर असेल तर ते मोडीत घालू नका. आमच्याकडे त्यातच आमटी व्हायची आणि सगळे पाटावर बसले की पातेलंच मधोमध यायचं. शेवटच्या वाढपाला डावाचा तळाशी घासल्याचा आवाज आला की समजायचं, आता ताक-भात.

आधी पातेलं उजेडात धरून आतून बघा. कल्हई शाबूत असेल तर आत चंदेरी दिसतं. कुठे पिवळं डोकावत असेल तर त्यात चिंच, आमसूल, टोमॅटो, ताक काहीच घालू नका. आंबटाने पितळेतलं तांबं-जस्त अन्नात उतरतं, पदार्थ कळकतो आणि पोटालाही बाधतो. आधी कल्हई करून घ्या. कल्हईवाल्याला शुद्ध कथीलच वापरा, शिसं मिसळलेलं नको, असं स्पष्ट सांगा. तापल्या भांड्यात नवसागर टाकून तो कापसाने कथील फिरवतो, आणि बघता बघता काळवंडलेलं पोट चांदीसारखं होतं. मुलांना हे जरूर दाखवा.

घरी आणल्यावर एक गोष्ट जपा. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं, म्हणून पातेलं कोरडं तापवायचं नाही. फोडणी लोखंडी पळीत करून वरून ओता. आमटीला वासही छान येतो. बाहेरून चिंच-मीठ खुशाल लावा, आतून मात्र तारेची घासणी नको, मऊ कापड पुरे.