नोव्हेंबरात पडणारं सफरचंद कसं शोधावं

"सफरचंदाचं झाड शोध आणि बसून राहा, हरीण येतंच." अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागातल्या व्हरमाँट राज्यात शिकारीचा परवाना काढला तेव्हा हा सल्ला मला जो भेटेल त्याने दिला. त्या भरवशावर मी पहिले दोन हंगाम खारी मोजण्यात घालवले. झाड सापडणं सोपं आहे. ते यंदा धरलंय का आणि धरलं असेल तर फळ कधी टाकणार, हे कळणं अवघड. त्याबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढत नाही. (आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने शिकारीला बंदी आहे. इथलं सगळं न्यू इंग्लंडच्या परवान्याच्या शिकारीबद्दल आहे, हे गावाकडच्या वाचकांनी लक्षात घ्यावं.)

इथली रानसफरचंदं मुळात रानटी नाहीत. युरोपातून आलेल्या शेतकऱ्यांनी ती लावली. एकोणिसाव्या शतकात त्यातले बरेच जण चांगल्या जमिनीच्या मागे पश्चिमेला गेले आणि शेतांवर जंगल चढलं. मागे उरले दगडी बांध, घरांच्या तळघरांचे खड्डे आणि सफरचंदाची झाडं. पुढची पिढी हरणांनी आणि अस्वलांनी पेरली. कोकणातल्या माणसाला मी एका शब्दात सांगतो: रायवळ. कोय लावून हापूस येत नाही, तसंच बी लावून आईसारखं सफरचंद येत नाही. प्रत्येक झाडाची चव वेगळी आणि वेळही वेगळी. एक ऑगस्टअखेर रिकामं होतं, वीस पावलांवरचं दुसरं डिसेंबरात बर्फावर फळं टाकत असतं.

पहिलं काम मे महिन्यातलं. झाडं फुलली की गाडीतून डोंगरउतार बघत फिरा आणि फोनच्या नकाशावर खुणा करा. इथे फसगत होते ती शॅडबुश नावाच्या झुडपाची. तीही पांढरी फुलते, पण सफरचंदाच्या थोडी आधी. पहिल्या वर्षी मी अकरा खुणा केल्या, त्यातली सात शॅडबुश निघाली. सफरचंदाची कळी गुलाबी असते आणि उमलल्यावर पांढरी पडते, पाकळी रुंद असते. शॅडबुशची पाकळी चिंधीसारखी अरुंद.

जमीनमालकाला विचारा. शिकारबंदीची पाटी नसेल तिथे कायद्याने जाता येतं, तरीही विचारा.

आता झाडाची जागा. फुलोरा आला म्हणजे फळ आलं असं नाही, हे आंबेवाल्यांना सांगायला नको. पूर्ण फुललेल्या सफरचंदाला उणे दोन अंश सेल्सिअसच्या आसपास थोडा फटका बसतो, उणे चारच्या जवळ गेलं की दहातली नऊ फुलं जातात. १८ मे २०२३ च्या पहाटे इथे तेच झालं, चांगल्या चांगल्या बागा त्या एका रात्रीत गेल्या. थंड हवा पाण्यासारखी उतारावरून खाली वाहते आणि खोलगट जागी साचते. त्यामुळे ओढ्याकाठची माझी झाडं त्या वर्षी ठणठणीत रिकामी होती, आणि डोंगराच्या कमरेवरच्या तीन झाडांना बऱ्यापैकी फळ होतं. म्हणून सगळ्या खुणा एकाच दरीत ठेवू नका. ओढ्याकाठी, मध्यावर, वरच्या अंगाला अशी झाडं हाताशी असली की गोठलेल्या वर्षीही कुठेतरी काहीतरी मिळतं.

दुसरी गोष्ट एकाआड एक वर्षाची. यंदा लगडलेलं झाड पुढच्या वर्षी बहुधा हात आखडतं. पुढच्या वर्षीच्या फुलकळ्या याच उन्हाळ्यात ठरतात, आणि झाडावर भरपूर फळ असलं की त्यातल्या बियांमधून निघणारी संप्रेरकं त्या कळ्या होऊ देत नाहीत. "गेल्या वर्षी इथे केवढी सफरचंदं होती!" असं कोणी सांगितलं तर त्या झाडाकडे यंदा शेवटी जा. आणि मेपल-पाइनच्या गर्द सावलीतलं झाड कितीही जुनं आणि देखणं असो, ते तुम्हाला मूठभरच देणार.

ऑगस्टच्या शेवटी दुर्बिणीने शेंडे बघून घ्या. अर्धा दिवस पुरतो.

यानंतर येतं ते माझं दोन वर्षांचं दुखणं: पाड, म्हणजे पिकलेलं फळ आपोआप गळायला लागणं. झाडाला पाड कधी लागणार हे ओळखता आलं नाही तर बाकी सगळं फुकट. सप्टेंबरच्या मध्यावर एका पडक्या तळघराशेजारी मला एक झाड सापडलं. खाली लालभडक सडा, हरणांच्या लेंड्या, चिखलात खूर. मी हरखलो. रायफलचा हंगाम नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंग सणाच्या बारा दिवस आधी शनिवारी सुरू होतो. त्या पहाटे जाऊन बसलो. झाडावर एक फळ नाही, खाली एक फळ नाही, गवतसुद्धा पुन्हा सरळ उभं राहिलेलं. हरणांची पंगत उठून महिना झाला होता आणि मी पत्रावळ घेऊन बसलो होतो.

पुढच्या वर्षी उलटी चूक केली. सप्टेंबरातच सडा दिसला म्हणून एक झाड "लवकरचं" समजून सोडून दिलं. नोव्हेंबरात सहज बाजूने गेलो तर ते अजून लगडलेलं आणि खालची जमीन हरणांनी तुडवलेली. तेव्हा आजी आठवली. परसात आंबा पडला की ती म्हणायची, आधी उलटा करून बघ, किडका आहे की पिकलेला. सप्टेंबरात जे पडलं होतं ते सगळं किडकं होतं. कॉडलिंग मॉथ या पतंगाची अळी आत शिरली की फळ अवेळी गळतं, आणि नवखा माणूस समजतो की झाडाला पाड लागला.

म्हणून खाली पडलेली पाच-सहा फळं उचला आणि फिरवून बघा. बारीक भोक आणि त्याच्या तोंडाशी भुश्यासारखी तपकिरी विष्ठा दिसली तर ते फळ मोजू नका. मग झाडावरचं एक फळ तळहातात धरून हलकेच वर उचला आणि फिरवा. देठ सहज सुटला तर पाड जवळ आलाय. फांदीच सोबत आली तर अजून अवकाश आहे. शेवटी चाकूने आडवं कापा. बिया पांढऱ्या असतील तर निघून जा, पूर्ण तपकिरी असतील तर महत्त्वाचं काहीतरी सुरू झालंय. मात्र बी तपकिरी झालं म्हणजे फळ उद्या पडेल असं नाही. काही झाडं पिकलेलं फळ आठवडेच्या आठवडे धरून ठेवतात, आणि नोव्हेंबरच्या शिकाऱ्याला नेमकी तीच हवीत. ती बघून ओळखता येत नाहीत. वहीच लागते. झाडाला नंबर द्या, दर पंधरा दिवसांनी फेरी मारा, वर किती आणि खाली किती एवढंच लिहा. वर्षागणिक पीक कमी-जास्त होतं, पण झाडाचा क्रम फारसा बदलत नाही. जे शेजाऱ्यापेक्षा उशिरा टाकतं ते दरवर्षी उशिराच टाकतं. चवीवर जाऊ नका. माझं सात नंबरचं झाड इतकं तुरट आहे की जीभ लाकडासारखी होते, आणि तेच डिसेंबरपर्यंत हरणं राखून असतं. कडाक्यात गोठून, उन्हात सुटून फळ तपकिरी आणि मऊ झालं की हरणांना ते चालतं.

तीर-कमानवाल्यांचं गणित वेगळं. त्यांचा हंगाम १ ऑक्टोबरला उघडतो, त्यांनी मधली झाडं धरावी.

पाड लागला तरी हरीण येतंय का, हे जमीन सांगते. हरणाला वरचे पुढचे दात नसतात, ते दाढांनी चेचून खातं. तिथे लाळेत भिजलेले तुकडे पडलेले असतात. बिया तेवढ्या काढून गर टाकून दिलेला दिसला तर तो उंदीर-खारीचा उद्योग. मोडलेल्या फांद्या आणि खोडावर नखांचे ओरखडे म्हणजे अस्वल. चांगली फळं तशीच कुजत पडली असतील तर जवळपास ओकचं झाड शोधा. ज्या वर्षी ओकची बोंडं भरभरून येतात तेव्हा हरणं सफरचंदाला विचारत नाहीत. व्हरमाँटच्या उत्तरेला ओक कमी, तिथे सफरचंदाला जास्त भाव.

फळं उचलून एका ठिकाणी रचू नका, दुसऱ्या झाडाची आणून तर अजिबातच नाही. ते आमिष ठरतं आणि हरणासाठी आमिष लावायला इथे बंदी आहे. आपोआप पडलं त्यावर बसायला हरकत नाही. त्या वर्षीचं नियमांचं पुस्तक तरीही वाचा. भगवं जॅकेट घाला, आणि परतल्यावर अंगावर गोचीड शोधा, थंडी पडली तरी ती असते.

शेवटचं, बसायचं कुठे. झाडाखाली नाही. उघड्यावरच्या सफरचंदाला मोठा नर बहुतेक वेळा अंधार पडल्यावरच तोंड लावतो. उजेड असेपर्यंत तो आडोशाला उभा राहून वास घेत असतो. झाडापासून सत्तर-ऐंशी पावलं मागे, जिथून दाट झाडीतली पायवाट सुरू होते तिथे, वाऱ्याच्या खालच्या अंगाला मचाण बांधा. संध्याकाळी हवा उताराने खाली सरकते, म्हणून मचाण वाटेच्या वर नको. सात नंबरच्या झाडाचं माझं मचाण मी तीन वेळा हलवलं, आणि तिन्ही वेळा झाडापासून लांबच नेलं.