जुन्या ब्लूज रेकॉर्डची खरी स्पीड कशी काढायची

राजेहो, ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं जुनं गाणं. त्याच्या रेकॉर्डच्या लेबलवर 78, म्हणजे मिनिटाला 78 फेऱ्या, लिहिलं म्हणून रेकॉर्ड 78 वरच कापली, म्हणजे गाणं भरताना तिच्यावर खाच कोरली, असं धरून चालू नका. 1920-30 च्या काळात रेकॉर्ड कापायची मशीन कुठे मोटरवर चालायची तं कुठे खाली सोडलेल्या वजनाच्या ओढीवर, त्यामुळे कोणती 74 ची निघते अन् कोणती 82 ची. साडेचार फेऱ्यांचा फरक पडला की पेटीची पूर्ण एक पट्टी सरकते, गाणारा काळी एक मध्ये गायला असेल तं आपल्याला पांढरी दोन ऐकू येते.

पहिले आपली मशीन तपासा. स्ट्रोबची चकती, म्हणजे गोलाकार सारख्या अंतरावर रेघा असलेला कागद, प्रिंट करून टर्नटेबलवर ठेवायची, पण 77 रेघांचीच, काऊन की आपली लाईन 50 हर्ट्झची आहे, 92 रेघांची चकती अमेरिकेच्या 60 हर्ट्झसाठी असते अन् नेटवर बरेचदा तीच सापडते. वरून जुना पिवळा बल्ब नाही तं चोकवाली ट्यूब लावा. रेघा जागच्या जागी थांबल्या की मशीन 77.92 वर आली. हे काम इन्व्हर्टरवर करू नका, त्याची फ्रिक्वेन्सी ग्रिडला बांधलेली नसते. लोडशेडिंगच्या रात्री मी इन्व्हर्टरवर सेटिंग केली होती, सकाळी लाईन आल्यावर पाहिलं तं रेघा हळूहळू मागे सरकत होत्या, रात्रभर उतरवलेलं सगळं पुन्हा करा लागलं.

आता गाण्यात पक्का सूर शोधा. सगळ्यात भरवशाचा माऊथ ऑर्गन, त्याचे रीड कारखान्यातूनच ट्यून होऊन येतात, आपल्या पेटीसारखे, मुद्दाम वाकवलेले सूर सोडले तं वाजवणाऱ्याच्या मर्जीनं ते हलत नाहीत. विक्टर कंपनीनं 1927 पासून मेम्फिस जग बँडचं रेकॉर्डिंग केलं, त्या बँडमध्ये माऊथ ऑर्गन वाजते, असल्या रेकॉर्डवर हात बसवा. त्याच्या खालोखाल पियानो.

एकटी गिटार असली की खरी परीक्षा. E ची पकड वाजत असेल तं सगळ्यात जाड मोकळी तार 82.4 हर्ट्झला पाहिजे, म्हणजे पांढरी तीन. हेडफोन लावून तेवढाच ठोका पुन्हा पुन्हा ऐका अन् फोनच्या ट्यूनरवर आकडा पाहा. समजा 87.3 आला, म्हणजे पांढरी चार. मंग 78 ला 82.4 नं गुणा अन् 87.3 नं भागा, 73.6 येते. पण थांबा, वाजवणाऱ्यानं पहिल्या घरात कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून सूर चढवणारा चिमटा, लावला असला तरी हाच आकडा येईल! म्हणून एका गाण्यावर निकाल द्यायचा नाही, त्याच दिवशीची त्याची बाकी गाणी घ्या, पकडी वेगवेगळ्या असूनही सगळी सारखीच वर सरकलेली असतील तं संशय स्पीडवर घ्या. सुरुवात अन् शेवटही ताडून पाहा, शेवटी सूर चढलेला वाटला तं कापताना मशीन मंदावली असू शकते.

ऑडॅसिटी या आवाज दुरुस्तीच्या सॉफ्टवेअरमध्ये टेम्पो बदलू नका, स्पीड बदला, वरच्या हिशोबाला उणे 5.6 टक्के.

मंग आवाज ऐका. रॉबर्ट जॉन्सन या ब्लूज गायकाच्या रेकॉर्ड खऱ्यापेक्षा जलद निघाल्या असं धरून बरेच जण त्या 20 टक्के मंद करतात, मीही केल्या, आवाज भारदस्त झाला अन् आठवडाभर मला तेच खरं वाटलं. पण त्याचं एक रेकॉर्डिंग नोव्हेंबर 1936 मध्ये सॅन अँटोनिओत झालं अन् दुसरं जून 1937 मध्ये डॅलसमध्ये, सात महिन्यांच्या अंतरानं दोन गावांत मशीन सारखीच चुकली असं मला पटत नाही. वीस टक्के म्हणजे जवळपास चार पट्ट्या. तेवढं खाली आणल्यावर ‘स’ अन् ‘श’ जाड होतात, श्वास लांबतो, कंप झोपाळ्यासारखा संथ होते. माणूस तसा गात नाही, आमच्या भजन मंडळातला बुवा खर्जात गेला तरी त्याचा ‘स’ बदलत नाही.

मूळ फाईल तशीच ठेवा अन् नवीन फाईलच्या नावातच लिहा: 73.6, कोणत्या तारेवरून काढला, कॅपोचा संशय आहे की नाही.