मिक्सिंगचे प्लगइन कसे निवडावेत: आधी आवाज सारखा करा, मग ऐका

प्लगइन म्हणजे रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला जोडायचे, आवाजावर काम करणारे छोटे प्रोग्रॅम. ते सॉफ्टवेअर, ऑडिओ इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडणारी पेटी) आणि कान झाकणारा बरा हेडफोन तुमच्याकडे आहे असं धरून चालतो. आमच्याकडे गोव्यातल्या फोंड्यात जून ते सप्टेंबर पत्र्यावर पाऊस कोसळत असतो, तेव्हा स्पीकरवर बारकावे ऐकू येतात असं कोणी सांगितलं तर हसून सोडून द्या.

आधी तुमच्याकडे कोणती कामं येतात ते कागदावर लिहा. माझी ठरलेली आहेत: चवथीच्या घुमट-आरत्या, भजनी मंडळं, नाट्यगीतं, मधूनच एखादं कोंकणी गाणं. म्हणजे घुमट (मडक्याच्या तोंडावर चामडं ताणलेलं वाद्य), शामेळ (काठ्यांनी वाजवायचा ढोल), कासाळे (मोठी झांज), पखवाज, पेटी आणि माणसाचा गळा. ‘हे दहा प्लगइन हवेतच’ अशा याद्या बहुतेक वेळा ड्रमसेट आणि इलेक्ट्रिक गिटार समोर ठेवून केलेल्या असतात. त्यातलं निम्मं तुमच्या कामाचं नसतं.

मग प्रत्येक कामासाठी दोन-तीनच उमेदवार घ्या आणि डेमो उतरवा. फुकटातले आधी. इक्यूसाठी (खर्ज किंवा वरचे सूर कमी-जास्त करायला) टीडीआर नोव्हा, ध्वनीची पातळी मोजायला यूलीन लाउडनेस मीटर, आणि रीपर हे रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्याच्यासोबत येणारे इक्यू आणि कॉम्प्रेसर (मोठे आवाज दाबणारा प्लगइन) दिसायला रुक्ष असले तरी कामाला चोख आहेत. वल्हाला सुपरमॅसिव्ह हा रिव्हर्बही (आवाज घुमवणारा प्लगइन) फुकट आहे, पण म्हणून तो आरतीवर ओतू नका. त्याची लांबलचक शेपटी, म्हणजे मागे घुमत राहणारा आवाज, वेगळ्याच संगीतासाठी आहे. चोरीचे प्लगइन वापरू नका. ते नेमके ग्राहक समोर बसलेला असताना बंद पडतात.

आता खरी मेख. दोन प्लगइनची तुलना करताना जो किंचित मोठा वाजतो तोच चांगला वाटतो. आवाज वाढला की कानाला खर्ज आणि वरचे सूर जास्त भरून ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्येच हे मोजून दाखवलं होतं. आणि बरेच कॉम्प्रेसर, टेपची नक्कल करणारे इफेक्ट चालू करताच आवाज एक-दोन डेसिबलने गुपचूप वाढवतात. आपण म्हणतो, “वा, काय जान आली!” जान-बिन काही नाही, आवाज वाढलाय.

मी यात पुरता फसलो होतो. सेलमध्ये घेतलेला एक कॉम्प्रेसर घुमटावर लावला, अटॅक (दाब पडायला लागणारा वेळ) एक मिलिसेकंद, ऑटो गेन (दाबल्यावर आवाज आपोआप वाढवणारी सोय) चालू. माझ्या हेडफोनवर घुमट असं घुमत होतं की मी खूश. मंडळाच्या पोरांनी गाडीत लावून ऐकलं आणि पहिलाच प्रश्न आला, “घुमट खंय?” चामड्यावर पडलेली थाप कॉम्प्रेसरने चेपून टाकली होती. मागे उरली होती ती नुसती मडक्याची गूं-गूं, आणि वाढलेल्या आवाजामुळे मला तीच भरदार वाटली होती.

त्यानंतर शहाणा झालो, पण अर्धवट. दोन्ही आवाजांची शिखरं, म्हणजे सर्वात मोठे क्षण, मीटरवर जुळवू लागलो. हेही चूक! कॉम्प्रेसरचं कामच शिखरं खाली आणण्याचं आहे. शिखरं जुळवलीत तर दाबलेला आवाज सरासरीने मोठाच राहतो आणि पुन्हा तोच जिंकतो. कॉम्प्रेसर तपासताना एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या सरासरी मोठेपणाचं माप) बघा, शिखर नव्हे.

करायचं ते असं. गाण्यातला सगळ्यात भरलेला 20 सेकंदांचा तुकडा फिरता ठेवा. ऑटो गेन बंद. प्लगइनशिवाय तो तुकडा एकदा पूर्ण वाजवून एलयूएफएसचा आकडा टिपा. प्लगइन लावून पुन्हा वाजवा आणि त्याच्या आउटपुटची मूठ फिरवून तोच आकडा आणा. फरक 0.2 च्या आत हवा. इक्यूच्या बाबतीत मीटर जुळूनही कान कुरकुरतो, तेव्हा शेवटचा केसभर फरक गायकाच्या शब्दांवर लक्ष ठेवून कानानेच मिटवा. मग डोळे मिटून बायपासचं बटण मोजदाद न ठेवता भराभर दाबा, थांबा, आणि प्लगइन चालू आहे की बंद ते ओळखा. असं दहा वेळा. पाच-सहा वेळाच बरोबर आलात तर ती छापा-काट्याची गंमत झाली, त्या प्लगइनवर पैसे घालू नका. ओळखता आलं, तरी दुसरा प्रश्न उरतोच: वेगळं वाटतंय ते चांगलंही आहे का?

ही परीक्षा एकटा ट्रॅक ऐकून घेऊ नका, सगळा मिक्स चालू ठेवून घ्या. माझ्या घुमटाला याच पद्धतीने उत्तर सापडलं. तोच कॉम्प्रेसर, पण अटॅक 30 मिलिसेकंदांच्या आसपास. थाप आधी निसटून जाते, दाब नंतर पडतो. प्लगइन वाईट नव्हताच, मी बटणं चुकीची फिरवली होती. हे कळेपर्यंत मी आणखी दोन विकत घेतले होते, ते सांगायला लाज वाटते.

रिव्हर्बची परीक्षा सोपी: कासाळ्यांचा एकच ठोका वाजवा आणि शेपटी ऐका. पत्र्याच्या डब्यासारखी खणखणली तर पुढचा घ्या. रिव्हर्बकडे जाणाऱ्या आवाजातला 200 हर्ट्झखालचा भाग कापा, नाहीतर घुमटाचा खर्ज चिखल करतो.

रेकॉर्डिंग चालू असताना गायकाच्या कानात जाणारे प्लगइन वेगळे निवडावे लागतात. तिथे गुणवत्तेपेक्षा उशीर महत्त्वाचा. 48 किलोहर्ट्झवर 128 सॅम्पलचा बफर (कॉम्प्युटर एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा) म्हणजे जेमतेम 2.7 मिलिसेकंद, पण लिनिअर फेज इक्यू किंवा पुढचं आधी पाहणारा लिमिटर लावलात की उशीर वाढतो, गायक तालाच्या मागे पडायला लागतो आणि दोष पखवाजवाल्याला देतो. थोडा साधा रिव्हर्ब पुरे.

शेवटी माझ्याकडे उरलं ते एवढं: एक इक्यू, दोन कॉम्प्रेसर, दोन रिव्हर्ब, एक डिले (प्रतिध्वनी देणारा), एक मीटर. बाकीचे मेनूतून लपवा. आणि काम संपलं की इफेक्टसकट प्रत्येक ट्रॅक वेव्ह फाइलमध्ये काढून ठेवा. मंडळ पुढच्या चवथीला “तीच आरती, फक्त कोरस थोडा वर” म्हणून येतं, आणि तोवर कॉम्प्युटर बदललेला असतो.