थंडीत बाहेर पडताच डोळ्यांतून पाणी येतं?

गार, कोरडा वारा लागला की डोळ्यांवरचा ओलावा भराभर उडून जातो. मग अश्रुग्रंथी एकदम जास्त पाणी सोडते आणि नाकाकडच्या कोपऱ्यातल्या बारीक छिद्रांतून ते सगळं निचरत नाही. उरलेलं गालावर ओघळतं. म्हणजे डोळ्यांत पाणी असलं तरी मूळ दुखणं बहुतेकदा कोरडेपणाचंच!

म्हणूनच वारा अडवणं सगळ्यात महत्त्वाचं. कडेनेही डोळे झाकणारा चष्मा घाला. काच साधी असली तरी चालते. डोळे कोरडे पडत असतील तर निघण्यापूर्वी ओलावा देणारे थेंब घाला, मात्र लाली घालवणारे थेंब त्यासाठी वापरू नका. चालताना अधूनमधून पापण्या पूर्ण मिटा. पाणी आलंच तर चोळू नका. स्वच्छ रुमालाचं टोक आतल्या कोपऱ्याशी हलकेच टेकवा, तेवढ्याने पाणी टिपलं जातं. सारखं पुसून पापणीखालची नाजूक कातडी सोलवटते, आणि मग तीच जास्त झोंबते.

घरात ऊबेतही पाणी थांबत नसेल, एकाच डोळ्यातून येत असेल, डोळा दुखत असेल किंवा अंधुक दिसत असेल, तर नेत्रतज्ज्ञांना दाखवाच.