फळमाश्यांना भूल: ईथर, बर्फ की वायू?

प्रयोगशाळेत फळमाश्या निवडायच्या तर आधी त्यांना भूल द्यावी लागते. पण बडोद्याच्या मे महिन्यात त्यासाठी ईथरची बाटली उघडूच नका. ईथर 34.6 अंश सेल्सिअसला उकळतं आणि वाफ एका ठिणगीनेही पेटते. इथे तर पारा चाळिशीपार. शिवाय मात्रा जरा जास्त झाली की माशी दगावते. पंख अंगापासून दूर ताठ उभे राहिले, तर ती पुन्हा उठणार नाही.

कॉलेजच्या प्रात्यक्षिकाला बर्फ उत्तम. माश्या रिकाम्या, कोरड्या नळीत झटकून घ्या (अन्नाच्या नळीत गार केल्या तर अन्नाला चिकटतात) आणि नळी फोडलेल्या बर्फात खोचा. काही मिनिटांत त्या निपचित पडतात. मग बर्फावरच्या पेट्री डिशमध्ये (उथळ, गोल ताटलीत) टिपकागदावर ओतून मऊ ब्रशने नर-माद्या वेगळ्या करा. पावसाळ्यात डिशवर दव धरतं, पंख चिकटतात. कागद वरचेवर बदला. डिश बर्फावरून उचलली की माश्या लगेच चालू लागतात, म्हणून आधी सगळी मांडणी करून ठेवा.

रोज शेकडो माश्या निवडायच्या तर कार्बन डायऑक्साइडचा सच्छिद्र पॅड हवा, म्हणजे ज्यातून हा वायू वर येतो आणि त्यावरच्या माश्या बेशुद्ध राहतात. प्रवाह मंद ठेवा, थोड्या-थोड्या माश्या घ्या, काही मिनिटांत काम उरका. हा वायू माशीच्या चढण्या-उडण्यावर नंतरही परिणाम करतो. वर्तनाची चाचणी असेल तर किमान 24 तास थांबा आणि तुलनेच्या गटालाही तेवढीच भूल द्या. नाहीतर मोजला जातो तो भुलीचा परिणाम.

निवडलेल्या माश्या अन्नाच्या नव्या नळीत टाकल्यावर, त्या शुद्धीवर येईपर्यंत ती नळी आडवीच ठेवा, म्हणजे त्या अन्नाला चिकटणार नाहीत.