सुट्टीत मुलांसोबत डोंगर चढताना: वाट निवडण्यापासून गुडघे सांभाळण्यापर्यंत

डोंगरावरच्या सुट्टीत आई-वडिलांची एक ठरलेली फसगत होते. मुलांना फिरवायचं आणि त्याच चालण्यात आपलाही व्यायाम उरकायचा, असा बेत आखला जातो आणि दोन्ही बिघडतं. पाच वर्षांचं मूल चढावर तासाभरात जेमतेम दीड-दोन किलोमीटर चालतं. दर वळणावर थांबतं, दगड उचलतं, मुंग्यांची रांग बघत बसतं. त्या वेगाने मोठ्या माणसाला घामही येत नाही. मग पालक घाई करतात, मूल वाटेतच बसकण मारतं आणि उरलेली वाट रडारडीत जाते. म्हणून सुरुवातीलाच दोन खाती वेगळी करा. मुलांसोबतची चाल मुलांच्या वेगाने होईल आणि स्वतःच्या व्यायामाला दिवसात वेगळी वेळ असेल.

निघण्याआधी चार आठवडे

डोंगरात दमछाक चढावर होते, पण पाय भरून येतात ते उतारामुळे. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच वजन पेलतात, आणि त्या प्रकारच्या श्रमाची सवय सपाट रस्त्यावर चालून लागत नाही. त्यामुळे तयारीत उतरण्याचा सराव हवाच. आठवड्यातून तीन दिवस २० ते ३० सेंटिमीटर उंच पायरीवर चढा आणि उतरताना मनात तीन आकडे मोजत सावकाश उतरा. प्रत्येक पायाने १२ वेळा, असे तीन फेरे. त्याला जोडून पायरीच्या कडेवर चवडे टेकवून टाचा वर-खाली करा, १५ वेळा. सुट्टीच्या दिवशी पाठीवर सॅक घेऊन दोन तास चाला. पहिल्या आठवड्यात पाच किलो वजन घ्या, मग दर आठवड्याला दोन-तीन किलो वाढवा. लहान मूल पाठीवर न्यायचं असेल तर शेवटच्या आठवड्यात तेवढंच वजन व्हायला हवं.

मुलांना वेगळी तयारी लागत नाही. त्यांचे नवे बूट मात्र निदान दोन आठवडे रोजच्या वापरात ठेवा.

वाट मोजा, मग ठरवा

फलकावर लिहिलेली वेळ मोठ्या माणसांची असते. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये मांडलेला हिशेब आजही उपयोगी पडतो: दर ५ किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. मुलं सोबत असतील तर येणारा आकडा दुप्पट करा आणि थांबे वेगळे धरा.

वाट मुलाला झेपेल का, हे पाहायला दुसरा एक आडाखा वापरा. १०० मीटर चढ म्हणजे १ किलोमीटर सपाट चाल, असं धरून बेरीज करायची. ६ किलोमीटरच्या वाटेवर ३०० मीटर चढ असेल तर ती ९ किलोमीटरची झाली. रोज डोंगरात न फिरणाऱ्या मुलासाठी ही बेरीज त्याच्या वयाच्या आकड्याच्या आसपास ठेवावी. म्हणजे सहा वर्षांच्या मुलाला ही वाट जड आहे. ४ किलोमीटर आणि २०० मीटर चढ, म्हणजे ६, हे जमेल. नेस्मिथच्या हिशेबाने त्याला ६८ मिनिटं लागतात. दुप्पट केली की सव्वादोन तास, आणि थांबे धरून तीन-सव्वातीन. हा नियम नव्हे, अंदाज आहे. चपळ मूल जास्त चालेल, झोप अपुरी झालेलं अर्ध्यावरच थांबेल.

आकड्यांइतकाच वाटेचा स्वभाव पाहा. मुलांना मुरमाड, एकसुरी, रुंद रस्ता सगळ्यात लवकर कंटाळवाणा होतो. दर २०-३० मिनिटांनी काहीतरी लागणारी वाट निवडा: ओढा, लाकडी पूल, चढता येईल असा मोठा कातळ, गुहा. माथा गाठण्याचं अप्रूप मोठ्यांना असतं. सहा वर्षांच्या मुलासाठी पाण्यात दगड टाकायची जागा हीच दिवसाची कमाई. एका बाजूला दरी असलेली आडवी वाट, घसाऱ्याचा उतार आणि हात लावून चढायचे टप्पे लहान मुलांसोबत सरळ वगळा.

पाठीवरचं मूल

मूल आधाराशिवाय नीट बसू लागल्यावरच, म्हणजे साधारण सहा महिन्यांनंतर, चौकटीच्या कॅरियरमध्ये बसवायचं. कॅरियरचं स्वतःचं वजन तीन किलोच्या आसपास असतं. बारा किलोचं मूल आणि पाणी-कपड्यांचे तीन किलो धरले की १८ किलो झाले. कॅरियरवर छापलेली वजनाची मर्यादा वाचा. काही मर्यादा फक्त मुलाच्या वजनाची सांगतात, काही सगळ्या ओझ्याची.

बांधण्याचा क्रम चुकला की सगळं वजन खांद्यावर येतं आणि तासाभरात मान अवघडते.

१. सगळे पट्टे सैल करा. मुलाला आत बसवून त्याचे पट्टे आधी आवळा. हनुवटी पुढच्या गादीच्या वर यायला हवी आणि गुडघे कमरेच्या पातळीत. पाय लोंबकळत राहिले तर मुंग्या येतात, म्हणून रिकिबी, म्हणजे पाय टेकवायचे पट्टे, लावा.
२. एक पाय पुढे रोवून कॅरियर आधी मांडीवर घ्या, मग पाठीवर. जमिनीवरून थेट झटक्याने उचलू नका.
३. कमरेचा पट्टा कमरेच्या दोन्ही बाजूंच्या हाडांवर बसवून घट्ट करा. वजनाचा मोठा भाग इथेच यायला हवा.
४. मग खांद्याचे पट्टे आवळा, नंतर खांद्यावरून वर जाणारे छोटे पट्टे ओढा आणि शेवटी छातीचा पट्टा लावा.

तुम्हाला घाम येत असतो तेव्हा पाठीवरचं मूल गारठत असतं, कारण ते हलत नाही. त्याला तुमच्यापेक्षा एक थर जास्त घाला. दर २०-३० मिनिटांनी मानेच्या मागे हात लावून पाहा. हातपाय गार लागतातच, त्यावरून अंदाज येत नाही. मूल झोपलं आणि हनुवटी छातीला टेकली तर थांबून डोकं सरळ करा, नाहीतर श्वासाला अडथळा होतो. आणि झाडाखालून जाताना लक्षात ठेवा की तुमची उंची आता एक हाताने वाढली आहे.

बूट आणि फोड

मुलांचा दिवस बिघडवणाऱ्या कारणांत फोडांचा नंबर वरचा आहे, आणि बहुतेक वेळा तो टाळता येतो. बूट संध्याकाळी घालून पाहा, तेव्हा पाय किंचित सुजलेले असतात. अंगठ्यापुढे एक बोट जागा हवी. नखं दोन दिवस आधी कापा. वाढलेली नखं उतारावर बुटाला आदळून काळी पडतात. सुती मोजे घाम धरून ठेवतात आणि ओली कातडी लवकर सोलते, म्हणून लोकरी किंवा कृत्रिम धाग्याचे घ्या.

मूल ‘बूट टोचतोय’ म्हणालं की तिथेच थांबा. पुढच्या वळणावर बघू, असं म्हणू नका. बूट-मोजा काढा, खडा किंवा मोज्याची घडी आहे का पाहा. कातडी लाल आणि गरम लागत असेल तर ती कोरडी करून तिच्यावर चिकटपट्टी सपाट लावा. सुरकुती राहिली तर तीच पुढे घासते. फोड आला असेल आणि दुखत नसेल तर फोडू नका. टचटचीत भरून चालणंच अशक्य झालं तर निर्जंतुक सुईने कडेला टोचून पाणी काढा, वरची कातडी तशीच ठेवा आणि झाका.

खाणं, पाणी, कपडे

मोठ्यांना तासाला साधारण अर्धा लिटर आणि मुलांना पाव लिटर पाणी धरा. ऊन असेल तर जास्त. मुलं तहान लागल्याचं सांगत नाहीत, म्हणून दर २० मिनिटांनी चार घोट द्या. दर ४५ मिनिटांनी थोडं खायला द्या, भूक लागायची वाट न पाहता. गोडाबरोबर खारटही ठेवा. किरकिर सुरू झाली की आधी खायला द्या, समजूत नंतर घाला. निम्म्या वेळा समजुतीची गरजच उरत नाही. जुलाब-उलटीसाठी क्षारांची पुडी सॅकमध्ये असावी. नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ घाला.

उंची १००० मीटरने वाढली की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं आणि अतिनील किरणं दहा टक्क्यांच्या आसपास वाढतात. त्यामुळे वर थंडी वाजत असतानाही चेहरा भाजतो. सनस्क्रीन दर दोन तासांनी पुन्हा लावा, आणि कानांच्या पाळ्या विसरू नका.

मुलांच्या पाठीवर छोटी सॅक द्यायला हरकत नाही, पण तिचं वजन त्यांच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा कमी ठेवा. शिट्टी, पाणी, एक जॅकेट आणि खाऊ, इतकंच. उरलेलं तुमच्याकडे येणारच आहे.

वाटेवर

सकाळी लवकर निघा. डोंगरात ढग बहुधा दुपारी जमतात. परत फिरण्याची वेळ घड्याळात आधीच ठरवा: हाताशी पाच तास असतील तर दोन तास झाले की जिथे असाल तिथून वळायचं, माथा दहा मिनिटांवर दिसत असला तरी. उतार मुलांसोबत चढापेक्षा फार लवकर होत नाही, आणि थकलेले पाय उतारावरच घसरतात.

चढावर वेग सगळ्यात लहान मूल ठरवेल. त्याला पुढे ठेवा. घसरड्या उतारावर मोठं माणूस खालच्या बाजूला, मुलाच्या एक पाऊल पुढे. हात धरायचाच असेल तर मनगट धरा, नुसती बोटं सुटतात. काठ्या वापरत असाल तर सपाटीवर कोपर काटकोनात येईल इतकी लांबी ठेवा आणि मोठ्या उतारावर पाच-दहा सेंटिमीटर वाढवा. गुडघ्यांना जाणवण्याइतका फरक पडतो.

मुलांना एक गोष्ट निघण्याआधी पाठ करायला लावा: चुकलास तर शोधत फिरायचं नाही, एका झाडापाशी थांबायचं आणि शिट्टी वाजवायची. मोठ्यांना आल्प्समध्ये रूढ झालेली खूण माहीत हवी: मिनिटाला सहा शिट्ट्या, मग मिनिटभर शांत, पुन्हा सहा. उत्तर मिनिटाला तीनचं असतं.

वीज चमकल्यापासून गडगडाट ३० सेकंदांच्या आत ऐकू आला तर डोंगराची धार, एकटं झाड आणि पाणी सोडून खाली सरका, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं पुन्हा वर जाऊ नका.

मुक्काम २५०० मीटरच्या वर असेल तर पहिला दिवस जवळपासच काढा. ३००० मीटरच्या पुढे झोपायची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नका. डोकेदुखी, मळमळ, गळून जाणं ही उंचीची लक्षणं. बोलता न येणारं बाळ फक्त खाणं सोडतं आणि कारण नसताना किरकिरतं. अशा वेळी वर जाणं थांबवा. बरं वाटेना तर खाली उतरा. खोकला, बसल्या जागी धाप, तोल जाणं दिसलं तर रात्र असली तरी उतरायचं.

आता तुमचा व्यायाम

दोन पालक असतील तर सकाळ वाटून घ्या. एक दिवस एकाने पहाटे ४५ मिनिटं बाहेर पडायचं, दुसऱ्या दिवशी दुसऱ्याने. २५ मिनिटं चढ असा चढा की बोलता येईल पण तुटक वाक्यांत, मग २० मिनिटांत सावकाश उतरा. आठवड्यातून चार अशा सकाळी केल्या तर तीन तास होतात. मोठ्यांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली आठवड्याची किमान १५० मिनिटं त्यात सहज बसतात. एकटं असाल तर मूल डोळ्यांसमोर खेळत असताना २० मिनिटं काढा: पायरीवर चढ-उतार, उठाबशा, जोर, आणि कोपरांवर ताठ धरून ठेवलेलं शरीर.

दुसरी सोय माथ्याजवळची. एकाने मुलांसह पठारावर थांबायचं, दुसऱ्याने माथ्यावर जाऊन यायचं. जाण्याआधी परतीची वेळ, वाट आणि थांबायची जागा नक्की करा. गाडीची किल्ली मुलांजवळ थांबणाऱ्याकडे द्या. नाहीतर नेमकं पाऊस आला की मुलं गाडीबाहेर भिजत बसतात. ठरलेल्या वेळेनंतर अर्धा तास वाट पाहा, मग मुलांना घेऊन खाली उतरा आणि मदत मागा. मुलांसह शोधायला वर जाऊ नका. आणीबाणीचा क्रमांक आधीच लिहून ठेवा. अनेक देशांत तो ११२ आहे. फोनमध्ये नकाशा उतरवून घ्या आणि थंडीत फोन आतल्या खिशात ठेवा, गारठ्याने बॅटरी झपाट्याने उतरते.

पहिल्या मोठ्या उतारानंतर पाय एक ते तीन दिवसांनी सगळ्यात जास्त दुखतात. म्हणून सुट्टीचा मोठा दिवस पहिला ठेवू नका, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा चढ तर नकोच. सपाटीवर फिरा किंवा पाण्यात पोहा. दोन्ही मांड्या सारख्या दुखत असतील तर काळजी नाही. एकच गुडघा सुजला किंवा पायऱ्या उतरताना टोचू लागला तर दोन दिवस उतार बंद.

संध्याकाळी बूट हीटरजवळ वाळवू नका, तळवा चिकटवलेला गोंद सुटतो. आतली गादी काढा, कागद चुरगळून कोंबा आणि दोन तासांनी ओला कागद बदला. सकाळी मुलांनी पाय घालण्याआधी बूट उपडे करून दोनदा आपटा.